जुन्या स्प्लेंडरचं टॅपेट : कळव्याच्या शेडमधल्या नोंदी

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, १९९७ची. इंजिन ९७.२ सीसी, बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी. सिलिंडर जवळजवळ आडवा, कॅमशाफ्ट हेडमध्ये, व्हॉल्व्ह दोन : हवा-पेट्रोल आत घेणारा इनलेट, जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट. कॅम रॉकरला हलवतो आणि रॉकरच्या टोकाचा पेच व्हॉल्व्हची दांडी दाबतो. हा पेच म्हणजे टॅपेट, आणि त्याची फट म्हणजे पेच आणि दांडी यांच्यामधली. टॅपेटची फट थंड इंजिनवर इनलेटला ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टलाही तेवढीच. मीटरवर ८१,४१२ किमी. मीटरची केबल मधे किती महिने तुटलेली होती देव जाणे, तेव्हा हा आकडा कमीत कमी धरायचा.

२७ एप्रिल २०२५, रविवार

तक्रार अशी : सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या गर्दीत बंद पडली की मग मात्र दहा-बारा किका. चढाला पिकअप नाही. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट. प्लग नवा, कार्बोरेटर साफ, पेट्रोलमध्ये पाणी नाही. आधीच्या गॅरेजमध्ये टॅपेट ‘टाइट करून’ आवाज घालवला, असं गाडी देताना कौतुकाने सांगितलं गेलं. आवाज खरोखरच नाही.

शंका तिथेच येते. टॅपेट सैल असेल तर टकटकतं, कान किटवतं. व्हॉल्व्ह थोडा उशिरा आणि थोडा कमी उघडतो, कॅम आणि रॉकरवर ठोके बसतात, पण इंजिन लगेच निकामी होत नाही. घट्ट टॅपेट तोंडातून ब्रही काढत नाही आणि आतल्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतं. व्हॉल्व्हच्या तबकडीला मिळालेल्या उष्णतेतला मोठा वाटा सीटला (हेडमधल्या कड्याला) टेकल्यावरच हेडमध्ये उतरतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट मुळातच नसेल तर टेकायला जागा उरत नाही, आणि त्या केसाएवढ्या वाटेतून जळता वायू तबकडीची कड कापत जातो. गरम असताना सुरू न होणं, थंड असताना होणं, हे लक्षण या कहाणीत चपखल बसतं.

गाडी स्टँडवर लावली. आज काहीच उघडलेलं नाही.

३ मे, शनिवार

हत्यारांची जुळवाजुळव. टॅपेटच्या दोन झाकणांना १७चा रिंग पाना, लॉक नटला ९चा रिंग पाना, पेचाच्या ३ मिमी चौकोनी डोक्यासाठी टॅपेट की, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चाक) फिरवायला १४चा गोटी पाना, प्लगला १६चा. शिवाय कॉम्प्रेशन गेज (१० मिमी आट्यांच्या अडॅप्टरसह), डायल गेज, मायक्रोमीटर, झाकणांच्या दोन नव्या ओ-रिंग.

फिलर गेजची (फट मोजायची) पाती आधी मायक्रोमीटरखाली घातली. शेडमधल्या जुन्या संचातलं ०.०५चं पातं मधे ०.०५ भरलं, पण टोकाला, जिथे ते कधीतरी दुमडलं होतं, ०.०७. म्हणजे या पात्याने लावलेली फट जवळजवळ दीडपट होणार. नवं पातं घेतलं, ०.०४ आणि ०.०६चंही. एकाच पात्याच्या ‘अंदाजा’वर काम करण्यापेक्षा ०.०४ सहज जातं, ०.०५ किंचित धरून सरकतं आणि ०.०६ जात नाही, एवढी त्रिसूत्री पाळली की नवशिक्याचा हातही चुकत नाही.

पातं रुंद असल्यामुळे रॉकरच्या कडेला अडकतं. म्हणून टोक सहा-सात मिमी रुंदीचं कापलं. कात्रीने कापल्यावर कडेला बारीक काटा उभा राहतो. तेल लावलेल्या दगडावर तो घासून काढला आणि पुन्हा मोजलं : ०.०५. हा काटा तसाच ठेवला तर पातं फटीत अडतं आणि फट बरोबर असूनही कमी वाटते.

४ मे, रविवार, सकाळी ६.१०

वेळ मुद्दाम ही. टॅपेट ३५ अंशांखालच्या इंजिनवर मोजायचं असतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये न चालवलेलं इंजिनही तेवढं तापतं. आत्ता हेड २९ अंश, रात्रभर थंड झालेलं.

आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, किलो प्रति चौरस सेंमीमध्ये), काहीही न हलवता. थ्रॉटल पूर्ण उघडा, सात किका : ६.५ किलो. हे आधी घ्यायलाच हवं होतं, कारण टॅपेटला एकदा हात लावला की मूळ अवस्था परत मिळत नाही.

मग डावीकडच्या कव्हरवरची दोन्ही झाकणं काढली, मोठं क्रँकचं आणि वरचं छोटं टायमिंगचं. प्लग काढल्यामुळे मॅग्नेट हलका फिरतो. डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने. खिडकीत आधी ‘एफ’ (ठिणगीची खूण) येतो, मग ‘टी’ (पिस्टन वरच्या टोकाला पोचल्याची खूण). टॅपेटला ‘टी’ हवा. इथे ‘एफ’ला थांबलात तर टॅपेटच्या मापात फारसं बिघडत नाही, कारण तेव्हाही रॉकर कॅमच्या गोल भागावरच असतात, पण टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी) बसवताना हीच चूक महागात पडते.

खरी चूक दुसरी. ‘टी’ दोनदा येतो, कॉम्प्रेशनच्या शेवटी एकदा आणि एक्झॉस्टच्या शेवटी एकदा. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट बंद होत असतो, इनलेट उघडत असतो आणि दोन्ही रॉकर दाबलेले असतात. तिथे कुणी ०.०५ लावायला गेलं की पेच भलतेच मागे येतात आणि गाडी पत्र्याचा डबा ओढल्यासारखी वाजते. म्हणून इनलेटच्या रॉकरवर नजर ठेवायची : तो खाली गेला, वर आला, त्यानंतर येणारा पहिला ‘टी’ आपला. दोन्ही रॉकर चिमटीत हलले पाहिजेत.

इथे इनलेटचा रॉकर हलला, एक्झॉस्टचा नाही. मॅग्नेट इकडेतिकडे थोडा फिरवून पाहिला, तरी नाही.

सिलिंडर आडवा असल्यामुळे इनलेटचं झाकण वर आणि एक्झॉस्टचं खाली येतं. खालचं झाकण सोडलं की तेल ओघळतं. परात ठेवली होती. इनलेटला ०.०७चं पातं धरून गेलं. एक्झॉस्टला ०.०३ही जाईना. फट शून्य किंवा शून्याच्याही पलीकडे.

‘टाइट करणं’ ही सवय कुठून येते याचा एक अंदाज. कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला फट ठेवतच नाहीत. पुशरॉडच्या (खालच्या कॅमपासून वर रॉकरपर्यंत जाणाऱ्या दांडीच्या) खालच्या टोकाला ॲडजस्टर असतो, आणि थंड इंजिनवर पुशरॉड बोटांनी फिरेल पण वर-खाली हलणार नाही, इतपत लावतात. ते तिथे बरोबर आहे, कारण ॲल्युमिनियमच्या पुशरॉड आणि ओतीव लोखंडाचा सिलिंडर यांचं फुगण्याचं गणितच वेगळं. बुलेटवर बसलेला हात स्प्लेंडरला लावला की असं होतं. आरएक्स १०० वाल्यांना ही भानगडच नाही म्हणा. टू-स्ट्रोकला टॅपेटच नसतं.

एक्झॉस्ट पात्याने ०.०५वर आणला. लॉक नट आवळताना पेच नटासोबत घड्याळाच्या दिशेने किंचित फिरतो आणि फट कमी होते. म्हणून टॅपेट की घट्ट धरून ठेवायची, नट ९ न्यूटन-मीटरला आवळायचा आणि आवळल्यावर पुन्हा मोजायचं. पहिल्या वेळी ०.०३ झालं. दुसऱ्या वेळी पेच मुद्दाम थोडा मागे ठेवून नट आवळला, तेव्हा ०.०५ आलं. खालून काम करताना दिशा उलटसुलट वाटते; पेचाच्या डोक्याकडे तोंड करून विचार करायचा.

पुन्हा कॉम्प्रेशन : ८ किलो.

या दोन आकड्यांचा अर्थ असा. दीड किलो निव्वळ घट्ट टॅपेटने खाल्लं होतं. पण नीट इंजिन ११-१२ दाखवतं. उरलेली गळती फट लावून भरून येणारी नाही. पिस्टनच्या रिंग गळत असतील तर तेलाने दाब चढतो, म्हणून प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून परत मोजलं, ८.२. आडव्या सिलिंडरमध्ये हे तेल खालच्या बाजूलाच साचतं, सगळ्या रिंगभर पसरत नाही, त्यामुळे एवढ्यावरून रिंगला निर्दोष सोडता येत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हवेची चाचणी. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, प्लगच्या भोकात अडॅप्टर. कॉम्प्रेशनच्या ‘टी’वर, चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरलेला. मॅग्नेटवर गोटी पाना अडकवून ठेवायचा नाही. हवेने पिस्टन सटकला तर पाना गरकन फिरतो आणि बोटं सापडतात. दाब ३ किलोच.

सायलेन्सरच्या तोंडाशी टिश्यू पेपर धरला तर तो सरळ आडवा झाला. कार्बोरेटरच्या तोंडाशी काही नाही. डिपस्टिकच्या भोकातून हलकी सूं, ती रिंगच्या तोंडातून थोडीफार येतेच. निकाल : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हेड काढायचं.

११ मे, रविवार

हेड फ्रेममध्येच निघतं, इंजिन उतरवावं लागत नाही. सायलेन्सरचे दोन नट, कार्बोरेटर मॅनिफोल्डसकट बाजूला. डावीकडचं गोल कव्हर काढल्यावर कॅमचं स्प्रॉकेट दिसतं. खिडकीत ‘टी’ आणून स्प्रॉकेटवरची ‘ओ’ खूण हेडवरच्या खाचेसमोर आहे ना ते पाहिलं, फोटो काढला. टेन्शनर सैल केला. स्प्रॉकेटचे बोल्ट काढण्याआधी चेनच्या बोगद्यात चिंधी कोंबली. बोल्ट आत पडला की एका तासाचं काम दिवसाचं होतं. चेनला तार बांधून ठेवली.

हेडच्या चार नटांपैकी एकाखाली तांब्याचा वॉशर होता, बाकीच्यांखाली लोखंडी. ज्या स्टडच्या कडेने तेल वर येतं तिथे तो तांब्याचा. त्याची जागा मार्करने हेडवरच लिहिली. हा वॉशर दुसरीकडे गेला तर त्या नटाखालून तेल झिरपतं, आणि लोक गॅस्केट बदलत बसतात.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला तीनेक मिमी रुंदीची जळालेली खाच. भोवती पंख्यासारखा फिकट पट्टा, बाकी तबकडी काळपट तपकिरी. सीटवर खड्डे आहेत, पण खाच नाही. दांडी ४.९३ मिमी. व्हॉल्व्ह सीटपासून दहा मिमी उचलून आडवा हलवला तर डायलवर मोठं माप नाही, गाईड (दांडी सरकते ती नळी) चालेल. गाईड ढिला असता तर सीट कापणं व्यर्थ. व्हॉल्व्ह दरवेळी वेगळ्या जागी टेकला असता.

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टॅपेटचे दोन्ही पेच काढून टोकं भिंगाखाली पाहिली. नवं टोक गुळगुळीत असतं. यांच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांडीने आपला ठसा उमटवला होता. बाहेर गोल कडा शाबूत, आत बशीसारखा चकचकीत खळगा. डायलने खोली ०.०४ मिमी. फिलर गेजचं सपाट पातं त्या कडांवर पूल टाकल्यासारखं बसतं. खळगा त्याला कळतच नाही. म्हणजे इनलेटला पात्याने ०.०७ मोजलं तेव्हा खरी फट ०.११ होती, आणि एक्झॉस्टला आम्ही लावलेली ०.०५ खरी ०.०८-०.०९.

इथून दुष्टचक्र सुरू होतं. पात्याने ०.०५ लावतात, तरी टकटक जात नाही, कारण खरी फट दुप्पट. मग कानाने आवळतात, आवाज जाईपर्यंत. इनलेटचा आवाज राहिला तरी तो एक्झॉस्टचा समजून एक्झॉस्टही आवळला जातो. या गाडीत नेमकं तेच झालेलं दिसतं : वाजणारा होता इनलेट, गळा आवळला गेला एक्झॉस्टचा.

पेच कानसून सपाट करण्याचा मोह टाळायचा. टोकाची कडकपणाची थर पातळ असते. ती गेली की नवा खळगा काही आठवड्यांत. पेच आणि लॉक नट दोन्ही बदलायचे.

१३ मे, मंगळवार

ठाणे स्टेशनजवळून : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १, टॅपेट पेच व लॉक नट २ जोड्या, व्हॉल्व्ह सील, हेड गॅस्केट, ब्लॉक गॅस्केट (लागलं तर), सायलेन्सरचं तांब्याचं रिंग गॅस्केट. नव्या व्हॉल्व्हची दांडी दुकानातच मोजली, ४.९६. आधी दाखवलेला एक व्हॉल्व्ह ४.९४ भरला आणि टोकाला दुमडही होती, तो परत.

हेड वागळे इस्टेटमध्ये सीट कापायला. कटर तीन : ४५ अंशांचा मूळ सीटला, ३२चा वरून आणि ६०चा आतून पट्टी अरुंद करायला. तिथल्या काकांनी हेड हातात घेऊन प्रकाशाकडे धरलं आणि विचारलं, “खड्डे निघेपर्यंतच घेऊ ना? उगाच खोल नको.” बरोबर तेच हवं होतं. सीट जेवढी खोल जाते तेवढी व्हॉल्व्हची दांडी रॉकरकडे वर येते, आणि टॅपेटचा पेच तेवढाच मागे घ्यावा लागतो. फार खोल गेली तर स्प्रिंगचा दाबही कमी होतो.

१८ मे, रविवार

व्हॉल्व्ह घासणे. कापलेल्या सीटला जाडी पेस्ट लागतच नाही, बारीकच वापरली. काठीला रबरी कप, काठी दोन तळव्यांमध्ये धरून रवी घुसळतात तशी मागे-पुढे. आठ-दहा घुसळण्या झाल्या की उचलून पाव फेरा फिरवायचा, नाहीतर एकाच जागी चर पडतात. आवाज ऐकत राहायचं : सुरुवातीला खरखर, मग ती विरत जाते. तेव्हा पेस्ट पुसून पाहायचं, नवी लावत सुटायचं नाही.

पेस्टचा थेंब दांडीवर गेला तर गाईड आतून घासला जातो, म्हणून दांडीला आधी तेल. शेवटी हेड पेट्रोलने तीनदा धुतलं, गाईडमधून कापडाची वात ओढली.

राखाडी पट्टी सलग आली, रुंदी १.२ मिमी, व्हॉल्व्हच्या उताराच्या साधारण मध्यावर. कडेला टेकली असती तर पातळ कड लवकर तापते.

स्प्रिंग बसवताना : आतली-बाहेरची दोन्ही, जवळजवळ वेढे असलेली बाजू हेडकडे. कॉटर (स्प्रिंग दांडीला धरून ठेवणारे तुकडे) बसल्यावर दांडीच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने दोन हलके ठोके, म्हणजे कॉटर अर्धवट अडकला असेल तर आत्ताच कळतं.

मग व्हॉल्व्ह गळतात का ते पाहिलं. रॉकेल हाताशी नव्हतं, पेट्रोल वापरलं. हेड उपडं करून एक्झॉस्ट पोर्ट भरला, तबकडीच्या बाजूला कोरडा टिश्यू. दहा मिनिटांत डाग नाही. इनलेटला सातव्या मिनिटाला बारीक ओल दिसली. तोही काढून घासला. आता दोन्ही कोरडे. पंखा बंद, बिडी-काडीवाले बाहेर. पेट्रोलचं काम आहे.

२५ मे, रविवार, सकाळी ६

जोडणी. पत्र्यावर रात्रभर पाऊस वाजत होता. ब्लॉकच्या उघड्या बोअरला दोन आठवडे तेलाचा फडका लावून ठेवला होता, तरी वरच्या कडेला तांबूस छटा. या हवेत उघडं लोखंड एक रात्रही कोरडं राहत नाही. बारीक स्कॉच ब्राइटने पुसलं, तेल.

हेडचे नट तीन टप्प्यांत, कर्णरेषेत. तांब्याचा वॉशर लिहिलेल्या जागी. मॅग्नेट ‘टी’वर, स्प्रॉकेटची ‘ओ’ खाचेसमोर, चेनची ताणलेली बाजू आधी बसवून मग टेन्शनर. किक मारण्याआधी १४च्या पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे. कुठेही अडकलं तर थांबायचं. जबरदस्ती केली की व्हॉल्व्ह वाकतो. अडकलं नाही.

टॅपेट. इनलेट डायल गेजने. मॅग्नेटिक बेस हेडला चिकटत नाही, ॲल्युमिनियम आहे. फ्रेमच्या नळीला सी-क्लॅम्प लावून त्यावर डायल बसवला. लांब टोक झाकणाच्या भोकातून रॉकरवर, पेचाच्या अगदी लगत. रॉकर बोटाने वर-खाली, काटा जेवढा झुलतो तेवढी फट. ०.०५ लावून पात्याने पडताळलं, ते पण ०.०५. नव्या पेचावर दोन्ही मापं जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर एकतर पातं खोटं किंवा पेच.

एक्झॉस्टला खालून डायल नीट बसत नाही. तिथे पेचाच्या आट्यांचा उपयोग केला. आटे ०.५ मिमी पिचचे, म्हणजे पूर्ण फेऱ्याला पेच अर्धा मिमी सरकतो आणि ०.०५ मिमीला एक दशांश फेरा, ३६ अंश. घड्याळाच्या तबकडीवर मिनिट काटा सहा मिनिटांत जेवढा जातो तेवढा. टॅपेट कीच्या दांड्याला बारीक तार बांधली, झाकणाच्या भोकाभोवती पुठ्ठ्याची चकती चिकटवून त्यावर मिनिटांच्या खुणा केल्या. पेच हलक्या हाताने टेकवला, रॉकर हलायचा थांबला ते शून्य, तिथून उलट दिशेला सहा मिनिटं. पात्याने तपासलं : ०.०५ धरून जातं, ०.०६ नाही. शून्य शोधताना जोर लावला तर व्हॉल्व्ह स्प्रिंगविरुद्ध दाबला जातो आणि सगळं माप सरकतं. बोटांची ताकद पुरे. पुढे कधी पेचाला पुन्हा खळगा पडलाच, तर पातं फसेल, ही रीत फसणार नाही.

सीट कापल्यामुळे एक्झॉस्टचा पेच पूर्वीपेक्षा जवळजवळ अर्धा फेरा मागे आहे, म्हणजे व्हॉल्व्ह पाव मिमीच्या आतबाहेर वर आला. लॉक नटाच्या वर अजून तीन आटे दिसतात. पुरेसे.

झाकणांना नव्या ओ-रिंग, तेल लावून. १७चा पाना लांब दांड्याचा घ्यायचा नाही. झाकणाचे आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत आणि तेल ओ-रिंग अडवते, पान्याचा जोर नाही.

तेल नवं. डिपस्टिक आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पातळी बघितली.

कॉम्प्रेशन, थंड : १०.५ किलो.

२६ मे, सोमवार

मुंबईत मोसमी पाऊस आल्याचं आज जाहीर झालं. कळव्यात गुडघाभर पाणी नको म्हणून गाडी बाहेर काढली नाही. शेडमध्ये वीस मिनिटं चालवून आयडल १,४००वर लावला. टकटक आहे, हलकी आणि एकसारखी. स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणाला आणि मूठ कानाला लावून ऐकली : दोन्ही झाकणांवर सारखीच. चेनची खरखर डाव्या कव्हरवर येते, ती इथे नाही.

१ जून, रविवार

पावसाची उघडीप. कळवा, विटावा, ऐरोली, ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशी, पुढे पाम बीचने बेलापूर, पारसिक टेकडीचा चढ आणि परत. मीटरवर ५८ किमी. पाम बीचवर ५५-६०च्या वर नेली नाही.

चढ तिसऱ्या गिअरमध्ये. विटाव्याला मुद्दाम आठ मिनिटं आयडलवर उभी ठेवली, बंद केली, लगेच किक : पहिल्याच किकला सुरू. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सर गप्प. प्लगचं टोक विटकरी, कड किंचित काळी.

२ जून, सोमवार, सकाळी ६.३०

हेड २७ अंश. इनलेट ०.०५. एक्झॉस्ट ०.०४ सहज, ०.०५ जात नाही. घासलेली सीट पहिल्या तापण्यात थोडी बसते, अपेक्षितच. पुन्हा ०.०५. हेडच्या नटांना कर्णरेषेत हात लावून पाहिला, सैल नाहीत.

२९ जून, रविवार

५१० किमीनंतर. इनलेट ०.०५, डायल आणि पातं दोन्हींनी. एक्झॉस्ट पात्याने ०.०५, पेचाच्या फेऱ्याने मोजला तर सहा मिनिटांना किंचित कमी. हात लावला नाही. कॉम्प्रेशन ११.५ किलो. खालच्या झाकणापाशी तेलाचा ओघळ होता, ओ-रिंग खोबणीत पिळली गेली होती, बदलली.

पुढचं माप ३,००० किमीवर. एक्झॉस्ट तेव्हा ०.०३च्या खाली गेला असेल तर फट वाढवून सोडून द्यायचं नाही, आधी कॉम्प्रेशन घ्यायचं. पुठ्ठ्याची चकती सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवली आहे.